हिशेबाची द्वादशी

परमार्थाला वेळ मिळत नाही, ही तक्रार मी पन्नास वर्षे ऐकत आलो. सप्ताहाचे कीर्तन आटोपावे, आरती व्हावी, आणि कोणीतरी पायांवर डोके ठेवून म्हणावे, "महाराज, प्रपंचातून सवडच होत नाही." गळा थकला आणि कीर्तनाला उभे राहणे थांबले, तेव्हापासून मी अशा माणसाला जवळ बसवून उलटा प्रश्न करतो. बरे, परमार्थाला वेळ नाही, म्हणजे सगळा वेळ प्रपंचाला जात असणार. मग सांगा, आज घरावर देणे किती आहे? येणे किती आहे? आषाढीपर्यंत कशाकशाला पैसा लागेल? माणूस टोपी मागे सारून डोके खाजवतो. म्हणजे प्रपंचालाही वेळ दिलेला नाही. मग दिवस जातो कोठे, माउली?

आता कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या अंकात हा जमाखर्च कशाला आणला? तुकोबारायांनी तर खतपत्रे इंद्रायणीत बुडवली. हा दाखला माझ्यापुढे इतक्या वेळा ठेवला गेला आहे की त्याला उत्तर देणे प्राप्त आहे. तुकोबांचे घराणे देहूचे महाजन. वडील बोल्होबांच्या वेळेपासून दुकान, शेती, सावकारी असा मोठा व्याप. 1630 च्या सुमारास जो भयंकर दुष्काळ पडला त्यात हे घर बसले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे वैराग्य दाटले तेव्हा खतपत्रे नदीत सोडायची ठरली. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले की तुम्ही साधू झालात, मला तर मुलेबाळे सांभाळायची आहेत. तेव्हा कागदांची वाटणी झाली. निम्मे कान्होबांना दिले आणि आपल्या वाट्याचे निम्मे तुकोबांनी डोहात सोडले.

यातल्या दोन गोष्टी आपण विसरतो. निम्मे वाटून द्यायचे तर आधी सगळे काढून, वाचून, मोजावे लागते. दोघे भाऊ हिशेबाला बसले असतील तेव्हाच ती वाटणी झाली. आणि दुसरी गोष्ट अशी की बुडवले ते लोकांकडचे येणे होते. स्वतःचे देणे नव्हे. आम्ही मात्र तुकोबांचे नाव घेऊन आमच्याच देण्याचे कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी घालतो आणि वर पताका घडी करून ठेवतो.

बीड जिल्ह्यातली आम्ही माणसे नाथांच्या शेजारची. गेवराईकडून गोदावरी ओलांडली की पैठण. नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघते, ती आमच्याच जिल्ह्यातून, पाटोद्याच्या वाटेने पंढरीला जाते. तेव्हा नाथांची एक गोष्ट सांगतो. तुम्हा सर्वांना ती पाठ असेल. नाथ देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामी किल्ल्याचे किल्लेदार. राज्यकारभार आणि दत्तभक्ती एकाच देहाने चालवणारा पुरुष. गुरुवार हा त्यांच्या उपासनेचा दिवस म्हणून त्या दिवशी कचेरीला सुट्टी असे, असे परंपरा सांगते. स्वामींनी नाथांकडे हिशेबाचे काम दिले होते. एके रात्री जमाखर्चात एका पैचा मेळ लागेना. नाथ समईपाशी बसले ते रात्र सरत आली तरी उठले नाहीत. चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. त्या टाळीने स्वामी जागे झाले आणि म्हणाले की एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडल्यावर केवढा होईल!

कीर्तनकार स्वामींच्या या बोलण्यावर तास दीड तास निरूपण करतो, आणि करावेच. पण आमच्या घरच्या मंडळींना गोष्टीचा शेवट नव्हे, मधला भाग आवडे. ती म्हणायची, "स्वामी बोलले ते खरेच, पण आधी नाथ रात्रभर बसले ना? बसलेच नसते तर स्वामी काय बोलले असते?" शाळा तिसरीपर्यंत झालेल्या बाईचे हे निरूपण. मला भल्या भल्या पंडितांकडून ते मिळाले नाही. हिशेब येणे वेगळे आणि हिशेबाला बसणे वेगळे. येतो पुष्कळांना. आठवडी बाजारात भाजीवाल्याशी आठ आण्यांवरून घासाघीस करणारा माणूस हिशेबात कच्चा कसा असेल? तो बसत नाही, एवढेच.

पूर्वी ही बैठक आपोआप होत असे. माझ्या लहानपणी खळ्यात ज्वारीची रास पडली की ती उघड्यावर, सर्वांदेखत मापली जायची. मापणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणायचा. मग दोन, तीन. मोजल्याने लक्ष्मी जाते म्हणणाऱ्यांनी हा 'लाभ' आठवावा. रास घरी येण्याआधीच तिचे वाटे व्हायचे. देवाचे, बलुतेदारांचे, सावकाराचे, आणि पुढच्या पेरणीचे बियाणे. बियाण्याची कणसे तर उभ्या पिकातूनच निवडून वेगळी बांधलेली असत. उरेल ते पेवात आणि कणगीत. घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याच्या मडक्याला हात लावायचा नाही, हा दंडक. 1972 च्या दुष्काळात आम्ही रोजगाराच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण वडिलांनी बियाण्याचे मडके आढ्याला टांगून ठेवले होते. ते मडके आम्हा पोरांना दिसत असे. त्याकडे पाहत आम्ही उपाशी झोपत असू.

आता रास बाजार समितीत जाते, पैसा खात्यात येतो, खाते मोबाइलमध्ये असते. वाटे करण्याची जी एक जागा आणि एक वेळ होती, तीच गेली. पैसा दिसतच नाही, मग त्यातले बियाणे कोणते हे कसे दिसावे?

त्यात आपली अडचण नोकरदाराहून वेगळी. त्याला दर महिन्याला पगार, म्हणून त्याचा हिशेब महिन्याचा. शेतकऱ्याच्या घरी पैसा वर्षातून एकदोनदा येतो आणि बारा महिने जातो. कापसाचे दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेमागे, तुरीचे त्यानंतर. मग पाडव्याला सालगड्याचे साल, वैशाखात लग्ने, मृगाच्या आधी बी-खत, आषाढात वारी आणि त्याच सुमारास पोरांच्या शाळा. दिवाळीत हातात आलेले लाख रुपये हे दिवाळीचे नसतात, ते मृगाचे असतात. हे ज्याने दिवाळीतच लिहून ठेवले नाही, तो ज्येष्ठात दुसऱ्याच्या दारात उभा राहतो.

गंमत पाहा, हेच लोक दिंडीत चुकत नाहीत. पैठणहून पंढरपूरपर्यंत 18-19 दिवस, शंभर-सव्वाशे माणसे. निघण्याच्या महिनाभर आधी आमच्या दिंडीची बैठक देवळात होते. माणशी भिशी किती धरायची, गव्हाचे पीठ किती, डाळ किती, चहासाखर किती, ट्रकचे डिझेल, पाण्याचा टँकर, राहुट्यांचे दोर कुजले असतील तर नवे. कोणत्या मुक्कामी कोणाची पंगत आहे, म्हणजे तेवढा शिधा वाचेल. म्हातारा विणेकरी आजारी पडला तर त्याला परत पाठवण्याची गाडी, तिचेही पैसे वेगळे बांधलेले. पंढरीत पारणे फिटले की वाळवंटावरून येऊन जमाखर्च मोठ्याने वाचतात, आणि उरले तर पुढच्या वर्षाच्या खात्यावर. दिंडीचा हिशेब लिहिणारा आमच्याकडचा गृहस्थ अक्षरशः मूठभर पोह्यांचा मेळ लावतो. त्याच्या घरी मात्र बायकोला ठाऊक नाही की बैल कोणत्या पैशावर आणला. शंभर माणसांचे अठरा दिवस ज्याला जमतात त्याला पाच माणसांचे वर्ष का जमू नये? जमते. पण दिंडीच्या बैठकीला तिथी ठरलेली असते, घराच्या बैठकीला नसते.

आमच्या घरी ती तिथी मंडळींनी ठरवली. द्वादशी. एकादशीला उपास, हरिपाठ, रात्री जागर. द्वादशीला पारणे सोडून दुपारी माणूस जरा निवांत असतो. तेव्हा ती देवघराच्या उंबऱ्याशी वही घेऊन बसायची आणि मला, मुलाला बोलावायची. आमचा कारभार तसा बेभरवशाचाच. पाच एकर कोरडवाहू, आणि माझी फिरस्ती. कीर्तनाचे मोल ठरवायचे नाही ही गुरूंची आज्ञा, तेव्हा येण्याजाण्याचा खर्च आणि नारळ. कोणी आग्रहाने पाकीट हाती ठेवलेच तर ते न उघडता घरी आणायचे. चैत्रात सप्ताहांची दाटी, श्रावणात पुन्हा, मधले महिने कोरडे. अशा घरात वही हवी की नको?

तिच्या वहीत तीन रकाने होते. आले, गेले आणि जाणार. पहिले दोन कोणीही लिहितो. वाण्याच्या रोजकीर्दीत तेच असतात. तिसरा तिचा. पुढच्या चार-सहा महिन्यांत काय जाणार आहे ते ती आधीच लिहायची. मुलीचे बाळंतपण, विहिरीच्या मोटारीचा भरणा, वारी, भाच्याच्या लग्नाचा आहेर. समोर अंदाजाचा आकडा. जे आले त्यातून पहिली ओळ 'बियाणे' म्हणून काढायची आणि ते पैसे पोस्टात, आवर्त ठेवीत. कधी 100 रुपये, कधी 500. मी एकदा म्हणालो, "अगं, बियाणे तर कणगीत आहे." ती म्हणाली, "ते रानाचे. हे घराचे."

तासभर कधी लागला नाही. अर्ध्या तासात उठायचो. महिन्याच्या दोन द्वादश्या, वर्षाच्या चोवीस, म्हणजे सगळे मिळून बारा तास. वर्षाला बारा तास! गावात नवा ट्रॅक्टर आला तर त्याच्याभोवती आपण त्याहून जास्त वेळ उभे राहतो. आणि भांडण म्हणाल तर पहिले वर्ष झाले. कागदावर दिसू लागले की कोणाचा खर्च किती, म्हणजे भांडण होणारच. दुसऱ्या वर्षी कमी झाले. तिसऱ्या वर्षापासून मुलगा विडी-तंबाखूचा आकडा आपणच सांगू लागला, आणि आकडा सांगायची लाज वाटून तो घटत गेला.

चार वर्षांपूर्वी ती आजारी पडली. संभाजीनगरला दवाखान्यात तेवीस दिवस. काही भाग शासनाच्या आरोग्य योजनेत बसला, काही बसला नाही. गावाकडे लगोलग बातमी गेली, आणि ज्यांच्या शेताचा बांध आमच्या बांधाला लागून आहे त्यांनी मुलाला फोन करून विचारले, जमीन काढणार असाल तर आम्हाला सांगा. वाईट हेतूने नव्हे, अशा वेळी विकावीच लागते हे सर्वांनी पाहिलेले आहे. तिने पलंगावरून मुलाला वही आणायला सांगितली. पान काढून बोट ठेवले. सतरा वर्षांचे बियाणे होते ते. रान राहिले. ती राहिली नाही, तो पांडुरंगाचा हिशेब.

वही आता सूनबाईंकडे आहे. बारावी झालेली पोर. ती रकाने पट्टीने आखते. मागच्या द्वादशीला मला म्हणाली, "मामा, शेकडा तीन म्हणजे वर्षाला किती?" शेजारच्या एका घराने त्या दराने 50,000 उचलले होते, त्यावरून तिला प्रश्न पडला. आम्ही दोघांनी मांडून पाहिले. तीन म्हटले की कानाला हलके लागते. पण ते महिन्याचे तीन. महिन्याला 1,500, वर्षाला 18,000, म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्के. चौतिसाव्या महिन्यात नुसते व्याजच मुद्दलाच्या पुढे जाते. आपल्या जुन्या धर्मशास्त्राने यालाच 'दामदुप्पट' म्हणून बांध घातला होता, की व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करायचे नाही. आजही परवान्यावाचून सावकारी करता येत नाही. 2014 चा कायदा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे होते. उलट बँकेचे पीककर्ज 3 लाखांपर्यंत वेळेत फेडले तर व्याज सवलतीमुळे शून्य टक्क्याने पडते. वेळेत, हा शब्द धरा. तारीख टळली की सवलत गेली. ती तारीख 'जाणार'च्या रकान्यात लिहिलेली असली तर कापसाच्या पैशातून तेवढे बाजूला राहते. लिहिलेली नसली तर बँकेतले शून्याचे कर्ज फेडायला गावातले छत्तीसचे काढणारे मी पाहिले आहेत.

आणि ज्यांच्याकडे चार पैसे साठले त्यांच्यासाठीही एक गोष्ट. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यात जास्त व्याजाच्या आशेने पतसंस्थांत ठेवलेल्या ठेवी अडकल्या आणि म्हातारी माणसे दारोदार फिरली, हे सर्वांना माहीत आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, माणशी मुद्दल-व्याज मिळून 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी 2020 पूर्वी ते 1 लाख होते. पतसंस्थेला, मग ती मल्टिस्टेट असली तरी, हे संरक्षण नाही. पाटीवर 'बँक' लिहिले आहे की 'क्रेडिट सोसायटी', एवढे तरी दारातून आत जाण्यापूर्वी वाचावे. नातवाला वाचायला लावावे.

जाता जाता आमच्या क्षेत्राविषयी बोलतो. कोणाला लागले तर क्षमा असावी. हल्ली सप्ताहाच्या वर्गणीचा आकडा घरटी ठरवून सांगतात. मंडप मोठा, आवाजाची यंत्रणा मोठी, कीर्तनकाराचे पाकीटही मोठे. ज्याच्या घरात बियाणे नाही तोही लाजेने पावती फाडतो, आणि त्या पावतीचे पैसे शेकडा तीननेच आलेले असतात. पांडुरंगाला विटेवर उभे राहायला मंडप लागला नाही. आमच्या गावी गेली काही वर्षे असे करतो की वर्गणीऐवजी ज्याला जे जमेल ते त्याने द्यावे. कोणी शेर डाळ, कोणी पंगतीला वाढायला हात. काल्याच्या दिवशी सर्वांचेच तोंड सारखे गोड होते.

सर्वांत जास्त निकड ज्यांना आहे ते मात्र या दुपारी घरी नसतातच. ते ऊसतोडीला गेलेले असतात. दसरा-दिवाळी झाली की आमच्या पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणीकडची गावे रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, ती उसाच्या टनावारी फेडायची, मधे दर पंधरवड्याला खर्ची. पट्टा पडला की हिशेब. पण हा हिशेब लिहिलेला असतो मुकादमाच्या वहीत, आणि तेथे काय लिहिले ते वाचून दाखवतो तोही मुकादमच. इतके टन झाले, इतके खाडे, इतकी खर्ची, उचलीतले इतके अंगावर राहिले, ते पुढच्या वर्षी फेडायचे. सगळेच मुकादम वाईट असतात असे नाही, तोही कारखान्याच्या उचलीत बांधलेला असतो. परंतु एकाच बाजूला वही आणि दुसऱ्या बाजूला फक्त आठवण असली तर वाद जिंकतो कोण? 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. चांगली गोष्ट झाली. पण आपण किती टन तोडला हेच ज्याला माहीत नाही, त्याच्या घरी ती वाढ पोहोचली की वाटेत अडली, हे त्याला कसे कळावे?

आमच्या वाडीतले एक जोडपे दरसाल जाते. माळकरी आहेत, फडातही पहाटे उठून हरिपाठ म्हणतात. सूनबाईंनी मागच्या दसऱ्याला त्यांच्या सातवीतल्या मुलीला शाळेची वही दिली आणि रकाने आखून दिले. गाडी वजनकाट्यावर गेली की पावतीचा आकडा त्या दिवशीच लिहायचा. वाढे विकून काय मिळाले ते लिहायचे. खर्ची घेतली की तारीख आणि रक्कम. बाई म्हणाली, "ताई, पहाटे दोनला उठतो, रात्री आठला कोपीवर येतो, लिहायला वेळ कुठला?" सूनबाई म्हणाली, "हरिपाठ झाला की लगेच लिहा. हरिपाठ चुकवत नाही ना?" नाही चुकवला, आणि वहीही चुकली नाही. पट्टा पडल्यावर मुकादमाच्या वहीत आणि या वहीत एका खर्चीचा फरक निघाला. एकच खर्ची दोनदा लागली होती. पोरीने पान पुढे केले. मुकादमाने आपली वही पुन्हा चाळली, आणि काही न बोलता एक ओळ खोडली.

यंदा दसऱ्याला आणखी चार कोयते वही मागायला आले. सूनबाईंनी शाळेच्या दुकानातून वह्या आणल्या, त्यांचे पैसे 'गेले'च्या रकान्यात टाकले. रकाने आखताना माझी गरज नव्हती, पण पहिल्या पानावर देवाचे नाव तुम्ही लिहा म्हणून मला बसवले. हात थरथरतो, तरी लिहिले. वर रामकृष्ण हरी, आणि खाली उचलीची रक्कम, मुकादमाचे गाव आणि तारीख.